दारचे फ्लोरिबंडा गुलाब



या व्यासपीठावर मी यापूर्वी दोन वेळा बोललो आहे. एकदा किमान वेतनावर आणि एकदा १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यावर. यंदा चिटणिसांनी विषय विचारला आणि मी 'गुलाब' म्हणालो, तेव्हा आपल्या ऐकण्यात चूक झाली असे त्यांना वाटले असावे, कारण त्यांनी पुन्हा विचारले. मी पुन्हा गुलाबच सांगितला. आपले नाशिक मोगलांच्या अमदानीत गुलशनाबाद म्हणवत असे, तेव्हा गोदाकाठी हा विषय अगदीच परका नाही. माझे शिक्षण दहावीपाशी थांबले. वनस्पतिशास्त्र मी शिकलेलो नाही. जे सांगणार आहे ते सार्वजनिक वाचनालयातली पुस्तके वाचून, हाताला काटे टोचून घेऊन आणि एका माळ्याच्या शिव्या खाऊन मिळवलेले आहे.

प्रथम फ्लोरिबंडा म्हणजे काय ते सांगतो. प्रदर्शनात बाटलीत एकेक ठेवलेले, लांब दांड्याचे, टोकदार कळीचे जे गुलाब आपण पाहता ते बहुतेक हायब्रिड टी जातीचे. त्यांच्या दांड्याला सामान्यतः एक मोठे फूल. फ्लोरिबंडाची तऱ्हा निराळी. त्याच्या एका फांदीच्या टोकाला दहा-पंधरा कळ्यांचा झुपका येतो आणि त्या मागेपुढे उमलत राहतात. त्यामुळे झाड पुष्कळ दिवस फुललेले दिसते. फूल लहान, पण एकंदर शोभा मोठी. आता हा कामगार पुढारी झुपक्यावरून संघटनेचा दृष्टान्त देणार, असे काहींच्या मनात आले असेल. तो मी देणार नाही. झुपक्यातले मधले फूल सर्वांच्या आधी उमलते आणि आधी वाळते, एवढेच पाहावे आणि ते खुडावे.

ही जात डेन्मार्कात जन्मली. तेथल्या पौलसेन घराण्याने लहान फुलांच्या, थंडीला न डगमगणाऱ्या पॉलिअँथा गुलाबांचा हायब्रिड टीशी संकर केला आणि १९२४ साली 'एल्से पौलसेन' हा गुलाब बाहेर आणला. पुढे अमेरिकेत या वर्गाला फ्लोरिबंडा, म्हणजे पुष्कळ फुलांचा, हे नाव पडले. यापेक्षा मला आवडते ती जर्मनीतल्या विल्हेल्म कोर्डेस यांची हकीगत. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा हा तरुण इंग्लंडात रोपवाटिका चालवीत होता. शत्रुराष्ट्राचा माणूस म्हणून त्याला आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत डांबले. युद्ध संपेपर्यंत तो तेथे होता आणि त्या बंदिवासात त्याने संकराचे शास्त्र पुस्तकांतून शिकून घेतले. त्याच्याच घराण्याने १९५८ साली 'आइसबर्ग' हा पांढरा फ्लोरिबंडा दिला. तो आज जगभर आहे, आणि माझ्या दारातही आहे.

आपल्याकडे हे काम डॉ. बी. पी. पाल यांनी केले. गव्हावरच्या तांबेऱ्याशी झगडण्यात त्यांचे आयुष्य गेले. दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेचे ते १९५० पासून संचालक होते. गहू हा त्यांचा पेशा आणि गुलाब हा नाद. 'दिल्ली प्रिन्सेस' (१९६३) आणि 'बंजारन' (१९६९) हे त्यांचे फ्लोरिबंडा. आपल्या उन्हात निपजलेले वाण प्रथम लावावेत, असे मी नवशिक्यांना सांगतो.

आता मी या नादाला कसा लागलो ते सांगायला हवे. त्यावाचून पुढचे सांगता येणार नाही. २००२ साली सातपूरच्या ज्या कारखान्यात मी युनियनचा सरचिटणीस होतो तेथे टाळेबंदी झाली. ती पाच महिने चालली. आम्ही फाटकासमोर तंबू ठोकून बसलो होतो. फाटकाच्या आत फ्लोरिबंडाचा लांब वाफा होता आणि एक म्हातारा माळी रोज सकाळी येऊन त्याला पाणी घालीत असे. सगळे त्यांना आबा म्हणत. ते ठेकेदाराचे माणूस. टाळेबंदीपासून त्यांचाही पगार बंद. "आबा, पगार नाही तर येता कशाला?" असे मी विचारले. "झाडाला काय माहीत तुमची टाळेबंदी?" ते म्हणाले. रखवालदार त्यांना आत सोडी; पुढे मलाही त्यांच्यामागे सोडू लागला. बसून बसून मी कंटाळलो होतो. त्या पाच महिन्यांत छाटणी, डोळे भरणे, कीड ओळखणे हे सारे त्यांनी मला शिकवले. कात्री चुकीची धरली की शिवी ठरलेली.

जागा निवडताना निदान पाच-सहा तास ऊन, आणि तेही शक्यतो सकाळचे, मिळेल असे पाहावे. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि गुलाबाच्या मुळांना साचलेले पाणी सोसत नाही. म्हणून दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा काढून त्यात तांबडी माती, कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू घालावी. मूठभर लिंबोळी पेंड मिसळावी. दोन झाडांत दोन फूट अंतर पुरे. कुंडी घेतलीत तर बारा इंचांहून लहान नको, आणि तिच्या बुडाचे भोक मोकळे असल्याची खात्री करावी.

कलमाचा सांधा मातीच्या वर इंचभर राहील असे झाड बसवावे. याचे कारण असे की आपला गुलाब दुसऱ्या, रानवट जातीच्या खुंटावर डोळा भरून केलेला असतो. सांध्याखालून जो धुमारा फुटतो तो खुंटाचा. तो वाढू दिला की वरचे झाड उपाशी मरते. सात पानांची डहाळी म्हणजे रानटी असे लोक सांगतात, पण चांगल्या जातींनाही सात पाने येतात. त्या हिशेबाने मी एकदा चांगला फुटवा मोडून बसलो आहे. पाने मोजू नका, माती उकरून फुटवा कोठून निघाला ते पाहा. खुंटाचा असेल तर कापू नये, मुळापासून ओरबाडून काढावा. कापला तर तेथून आणखी फुटतात.

छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात करावी. आपले द्राक्षबागाईतदार कात्र्या काढतात त्याच दिवसांत. हायब्रिड टीसारखी खोल छाटणी फ्लोरिबंडाला नको. आधी वाळलेल्या, रोगट आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात, मग उरलेल्या साधारण तिसऱ्या हिश्श्याने आखूड कराव्यात. काप बाहेरच्या अंगाला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, किंचित तिरका, आणि त्यावर बोर्डो मलम. मलमाचा आळस केला की फांदी टोकाकडून काळी पडत खाली येते. अशी काळी पडलेली फांदी आतले लाकूड स्वच्छ दिसेपर्यंत खाली कापावी. येथे दया दाखवली तर झाड जाते. छाटणीनंतर सहा-सात आठवड्यांत बहर येतो. झुपका संपला की एकेक फूल खुडत न बसता सबंध झुपका खालच्या जोमदार डोळ्यापर्यंत कापावा. नवी फूट तेथूनच येते.

औषधांची यादी मी देत नाही. माव्याला पाण्याचा जोरदार फवारा आणि साबणाचे पाणी बहुधा पुरते. थंडीत भुरी आली तर गंधक. पानांवरचे काळे ठिपके पाने रात्रभर ओली राहिल्याने वाढतात, म्हणून पाणी बुंध्याशी घालावे आणि गळलेली पाने गोळा करून टाकावीत. खोडाला चिकटलेली खवले कीड मात्र दुकानातल्या बाटलीपेक्षा जुन्या दाताच्या ब्रशाने अधिक चांगली निघते.

टाळेबंदी उठली ती मे महिन्यात. करार झाला. कायम कामगार सगळे आत गेले, गुलाल उधळला, मला खांद्यावर घेतले. ठेकेदाराचे लोक, म्हणजे सफाईवाले, कँटीनची पोरे आणि आबा, यांचा करारात एका ओळीनेही उल्लेख नव्हता. मागणीपत्रात तो होता. शेवटच्या रात्रीच्या वाटाघाटीत तो मी सोडला. पुढच्या करारात पाहू, असे मी स्वतःला सांगितले. त्या कागदावर माझी सही आहे. आठवड्याने वाफा उपटून तेथे दुचाक्या लावायला जागा केली आणि आबांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आले.

त्या संध्याकाळी ते सायकलवरून माझ्या घरी आले. मागे ओल्या गोणपाटात बांधलेली तीन झाडे होती. मी काही बोलू लागलो, तर त्यांनी "नळाला पाणी किती वाजता येते?" एवढेच विचारले आणि खड्डे खणायला घेतले. मे महिना गुलाब हलवायचा नव्हे. त्यांनी फांद्या निम्म्याच्या खाली उतरवल्या, मुळांभोवतीची माती फुटू दिली नाही, वर बारदानाची सावली केली. तरी दोन झाडे गेली. एक जगले, तो हा आइसबर्ग. थंडी पडली की त्याच्या कळीवर गुलाबी झाक येते.

२००९ च्या करारात आम्ही ठेक्यावरचे लोक घेतले. आबा त्यात नव्हते, कारण माळ्याची जागाच शिल्लक राहिली नव्हती. हे मी त्यांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि झाडाखालचे तण काढीत राहिले.

आता ते दिंडोरीकडे लेकीजवळ असतात, हात कापतो. दसऱ्यानंतर मात्र येतात आणि माझ्या हातची कात्री काढून घेतात.

आज मे महिना आहे, तेव्हा घरी जाऊन कोणी लगेच छाटणी करू नये. बुंध्याभोवती पाचोळ्याचा जाड थर द्यावा, कुंड्या दुपारच्या उन्हातून हलवाव्यात, पाणी सकाळी घालावे. ज्यांना आइसबर्गचे डोळे हवे असतील त्यांनी थंडीत, खुंट तयार ठेवून, माझ्याकडे यावे. हवे तितके देईन. आबा असतील त्या दिवशी आलात, तर कात्री कशी धरायची ते आधी शिकून या.