पहिलटकरणीची सोबत
(महिला मेळाव्यातील भाषण)



लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात मरीया डोंगराळ भागात अलीशिबेकडे जाते. एक पहिलटकरीण, दुसरी उतारवयात सहा महिन्यांची गरोदर. मरीया तिथे सुमारे तीन महिने राहिली. जखऱ्या तेव्हा मुका झालेला, म्हणजे घरात बोलायला दोघीच!

आमच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पहिलटकरणीला असं कुठे जाऊन राहता येत नाही. घरं टेकड्यांवर विखुरलेली. दिवाळीनंतर कितीतरी जणी पोट घेऊनच गुजरातेत ऊसतोडीला जातात. म्हणून मोबाइलवर दहा-बारा जणींचा गट केला. त्यात तिघी आधी बाळंत झालेल्या. बोलणं सगळं पावरीत आणि आवाजातच, कारण अनेकींना वाचता येत नाही. रेंज टेकडीवर चढल्यावर नाहीतर बाजाराच्या दिवशी. उत्तराला कधी दोन दिवस लागतात, तरी बाया वाट पाहतात.

लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं म्हणून एकीने गोळ्या बंद केल्या होत्या. गोळ्या 180 दिवस रोज घ्यायच्या, हे नर्सबाईंनी तिला सांगितलेलंच होतं. पण "मलाही तसंच व्हायचं, काही होत नाही," असं दुसरीने सांगितलं तेव्हा तिने त्या परत सुरू केल्या.

सातव्या महिन्यातली एक जण म्हणाली, झोप लागत नाही, सारखं रडू येतं, बाळ नकोसं वाटतं. सासूसमोर हे कसं बोलणार? गटातली एक म्हणाली, "माझ्या दुसऱ्या वेळी मलाही असंच झालं होतं." आणि तेवढ्यावर न थांबता आशाताईंना सोबत देऊन तिला आरोग्य केंद्रात पाठवलं. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा 14416 हा मोफत नंबरही आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

एक नियम मात्र कडक आहे. रक्त जाणं, डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्याला सूज, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही झालं तर गटावर विचारत बसायचं नाही. थेट 108 आणि आशाताई.

आता तुमच्याकडे मागणं. आपल्यातल्या काही भगिनी गटावर रोज सकाळी वचनं आणि फुलांची चित्रं पाठवतात. भावना चांगली आहे, पण कृपा करून थांबवा. वीस चित्रांखाली एकीचा रडवेला आवाज दबून जातो, शिवाय तिचा डेटाही संपतो. त्यातल्या बहुतेक जणी आपल्या मंडळीतल्या नाहीत, आणि गट त्यासाठी नाहीच. प्रार्थना घरी करा, नावं घेऊन करा.

दुसरं, बऱ्याच घरांत फोन नवऱ्याचा असतो. मनातलं बोलायचं ते चारचौघांत कसं ऐकायचं? तुमच्याकडे जुना पण चालू मोबाइल पडून असेल तर ऑफिसात आणून द्या. चार्जरसकट आणा, नाहीतर तो आमच्या कपाटातच राहतो.