लांब धावायचं, पण बेताबेतानं

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



ठाण्यात खोपटला राहणाऱ्या माणसाला पहाट एसटीच्या आवाजानं कळते. आगारातून पहिल्या गाड्या बाहेर पडतात, चहावाल्याचा स्टोव्ह पेटतो, दुधाची क्रेट उतरतात. गेल्या काही वर्षांत या वर्दळीत धावणाऱ्या माणसांची भर पडली आहे. कुणी तलावपाळीला फेऱ्या मारतं, कुणी कॅडबरी नाक्यावरून उपवनकडे जातं, तर ज्यांच्या पायांत जास्त जोर आहे ते येऊरचा चढ चढतात. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जानेवारीतला तिसरा रविवार असतो, म्हणजे मुंबई मॅरेथॉनचा दिवस. ही शर्यत २००४ साली सुरू झाली. पण ठाणेकरांना त्याच्याही आधीपासून महापालिकेच्या वर्षा मॅरेथॉनची सवय होती. ऑगस्टच्या पावसात भिजत धावणारे आणि छत्री धरून त्यांना टाळ्या देणारे, दोघंही आपण पाहिलेले आहेत.

मी बँकेत नोकरी केली आणि चाळिशी ओलांडल्यावर धावायला लागलो. रविवारी आमच्या भागातले दहा-बारा जण माझ्याबरोबर असतात. त्यात कॉलेजची मुलं आहेत, रिक्षाचालक आहेत, शिक्षक आहेत, गृहिणी आहेत. गणपती संपले की दरवर्षी एक प्रश्न ठरलेला असतो : ‘काका, दहा किलोमीटर होतात. एकवीस कसे होणार?’ या प्रश्नाचं उत्तर आज मी तुमच्यापुढे ठेवणार आहे.

लांब पल्ल्याचं धावणं ही परदेशातून आलेली टूम आहे, असं पुष्कळांना वाटतं. त्यांच्यासाठी थोडा इतिहास सांगतो. पहिल्या महायुद्धानंतर पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर शर्यती झाल्या. दोराबजी टाटा तिथे हजर होते. शेतात राबणारी पोरं अनवाणी पायांनी आणि कसल्याही शास्त्रशुद्ध शिक्षणावाचून लांबचं अंतर ज्या वेळात कापत होती, ते पाहून ते चकित झाले. त्यातून १९२० साली भारतीय खेळाडू बेल्जियममधल्या अँटवर्प ऑलिंपिकला गेले. त्यांच्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्या वेळी मॅरेथॉनचं अंतर आजच्यासारखं ४२ किलोमीटर १९५ मीटर असं पक्कं झालेलं नव्हतं. अँटवर्पला ते ४२ किलोमीटर ७५० मीटर होतं. चौगुल्यांनी ते २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पार केलं आणि एकोणिसावा क्रमांक मिळवला. पुढे आपल्याच महाराष्ट्रातून नाशिकची कविता राऊत आणि सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याची ललिता बाबर घडली.

पण चौगुले, कविता किंवा ललिता यांच्या पायांमागे लहानपणापासूनचे कष्ट आहेत. आपल्या पायांमागे वीस-पंचवीस वर्षांची खुर्ची आहे. आपल्याला धावण्याचं अंतर वाढवायचं असतं ते या खुर्चीवरून उठून.

अंतर वाढवण्याचा मार्ग कुणी दाखवला असं विचारलं, तर एक नाव आवर्जून घ्यावं लागेल. न्यूझीलंडमधले आर्थर लिडियार्ड. हे गृहस्थ बुटांच्या कारखान्यात काम करायचे. कुठल्याही विद्यापीठात न जाता त्यांनी स्वतःच्या शरीरावर वर्षानुवर्षं प्रयोग केले. त्यांचं म्हणणं असं, की आधी पाया रुंद करा, वेगाचं नंतर पाहू. त्यांचे शिष्य रविवारी २२ मैलांचा, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटरचा डोंगरी रस्ता धावत. यात पीटर स्नेलही होता आणि त्याची शर्यत होती अवघी ८०० मीटरची! १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलला ८०० मीटरचं सुवर्णपदक मिळालं, मरे हॅलबर्गला ५,००० मीटरचं. त्यानंतर आठवड्यातून एकदा लांब धावणं ही जगभरची रीत झाली. याच लिडियार्ड यांनी ऑकलंडमध्ये मध्यमवयीन, हृदयविकार होऊन गेलेल्या माणसांनाही हळूहळू धावायला लावलं, हे आपल्यासारख्यांनी विशेष लक्षात ठेवावं.

लांब धावल्यानं शरीरात नेमकं काय होतं? स्नायूंमध्ये रक्ताच्या बारीक केशवाहिन्या वाढतात. पेशींमध्ये ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रिया नावाच्या ज्या चुली असतात, त्यांची संख्या आणि ताकद वाढते. शरीर साखरेबरोबर चरबीही जास्त प्रमाणात जाळायला शिकतं. स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. हा साठा मर्यादित आहे. मॅरेथॉनमध्ये तो बहुतेकांच्या बाबतीत तिसाव्या किलोमीटरच्या पुढेमागे संपत येतो. मुंबई मॅरेथॉनच्या शेवटच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ भल्याभल्यांना का रडवतो, याचं उत्तर त्यात आहे.

मात्र शरीराचे सगळे भाग एकाच गतीनं तयार होत नाहीत. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात. धाप कमी लागते आणि आपल्याला वाटतं, आता जमलं. स्नायूबंध आणि हाडं यांना मात्र महिने लागतात. हाडावर नवा ताण आला की शरीर आधी जुना भाग काढून टाकतं आणि मग नवा भरतं. घराची दुरुस्ती काढल्यावर मधले काही दिवस भिंत जशी कच्ची असते, तसंच हे आहे. त्या कच्च्या दिवसांत आपण अंतर दुप्पट केलं तर काय होईल?

काय होतं ते आमच्या रविवारच्या गटातल्या एका तरुणानं भोगलं. बारा किलोमीटरची सवय असलेला हा मुलगा ऑफिसातल्या मित्रांबरोबर एका रविवारी पंचवीस धावून आला. त्या दिवशी सगळ्यांनी पाठ थोपटली. आठवड्याभरात नडगी दुखायला लागली. मलम लावून, पट्टी बांधून तो आणखी पंधरा दिवस धावला. शेवटी तपासणीत नडगीच्या हाडाला बारीक तडा गेल्याचं निघालं. तीन महिने धावणं बंद. धावण्याचं सोडा, ठाणे स्टेशनचा पूल चढणं त्याला जड झालं. सकाळची लोकल पकडायची कशी आणि गर्दीत उभं राहायचं कसं, हा प्रश्न पडला. शर्यत पुढच्या वर्षीही येते, पण रजा संपल्या की पगार कापला जातो.

म्हणून अंतर किती वाढवायचं याचा हिशेब हवा. धावणाऱ्यांमध्ये एक जुना नियम आहे : आठवड्याची एकूण बेरीज दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी तो तपासून पाहिला. त्यांचा अहवाल २००८ साली प्रसिद्ध झाला. पाचशेहून अधिक नवशिक्यांचे दोन गट केले. एक गट दहा टक्क्यांच्या नियमानं हळू वाढत गेला, दुसरा नेहमीच्या कार्यक्रमानं वाढला. दुखापती दोन्हीकडे सारख्याच निघाल्या, शंभरात सुमारे वीस जणांना.

मग नियम खोटा म्हणायचा का? २०२५ साली डेन्मार्कमधल्या आऱ्हुस विद्यापीठाच्या संशोधकांनी या प्रश्नाला वेगळी बाजू दाखवली. पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या घड्याळांतल्या नोंदी त्यांनी पाहिल्या. आठवड्याची बेरीज वाढली म्हणून धोका वाढल्याचं दिसलं नाही. धोका दिसला तो एका दिवसाच्या उडीत. गेल्या तीस दिवसांत तुम्ही एका वेळी जास्तीत जास्त जेवढं धावलात, त्याच्यापेक्षा एका दमात दहा ते तीस टक्के जास्त धावलात, तर दुखापतीचं प्रमाण ६४ टक्क्यांनी जास्त निघालं. दुपटीच्या वर गेलात तर ते दुपटीहून अधिक झालं. एका अभ्यासानं सगळं सिद्ध होत नसतं. पण आमच्या त्या तरुणाची गोष्ट या आकड्यांत चपखल बसते, हे खरं.

बँकेतल्या माणसाला दहा टक्के म्हटलं की चक्रवाढ व्याज आठवतं. दर आठवड्याला दहा टक्के वाढवत गेलात, तर आठव्या आठवड्यात मूळ रक्कम दुपटीच्या वर जाते. म्हणजे दहा टक्के ही वरची मर्यादा समजायची, दर रविवारी भरायचा हप्ता नव्हे. आणि मधूनमधून खाली उतरायचं.

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. समजा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तुम्ही दहा किलोमीटर आरामात धावता आहात. खोपटवरून उपवनला जाऊन, तळ्याला फेरी मारून परत आलं की आठ-नऊ होतात. थोडी भर घातली की दहा. पुढचे दोन रविवार अकरा आणि बारा. चौथ्या रविवारी मुद्दाम नऊवर यायचं. मग तेरा, चौदा, पंधरा आणि पुन्हा उतरून अकरा. मग सोळा, सतरा, अठरा, पुन्हा उतरून तेरा. डिसेंबरच्या अखेरीस एकोणीस. त्यानंतर दोन रविवार कमी करत जायचं, बारा आणि आठ. की आलीच शर्यत. सरावात पूर्ण एकवीस झालेच पाहिजेत असं नाही. एकोणीस झालेला माणूस उरलेले दोन लोकांच्या टाळ्यांवर काढतो. उतरत्या रविवारी तरुण मुलं कुरकुर करतात, वेळ फुकट गेला म्हणतात. पण हाडं भरून येतात ती याच दिवसांत.

वेग किती ठेवायचा? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, इतका. एकेक शब्द तोडून बोलावा लागत असेल तर तुम्ही फार जोरात आहात. ज्यांनी नवी स्कूटर घेतली होती त्यांना ‘रनिंग-इन’ आठवत असेल. पहिले काही शे किलोमीटर गाडी पळवायची नाही, असा दंडक होता. तेच इथे.

आपल्याकडची हवा दमट. घाम येतो, पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात तर विचारूच नका. म्हणून पहाटे पाचला निघावं आणि घड्याळातला वेग आठवडाभर विसरावा. पाणी तहानेप्रमाणे प्यावं. भीतीपोटी लिटरच्या लिटर पाणी पिणंही धोक्याचं आहे. २००२च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांमध्ये सोडियम नको तितकं घटलेलं आढळलं आणि मुख्य कारण होतं अति पाणी पिणं. दीड तासाच्या पुढे धावायचं असेल तर खिशात खजूर, चिक्की किंवा गुळाचा खडा असू द्यावा. शर्यतीच्या दिवशी नवा पदार्थ खाऊ नये, तसेच नवे बूटही घालू नयेत.

चाळिशी उलटलेली असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा. धावताना छातीत दाब, चक्कर किंवा डाव्या हातात कळ जाणवली तर तिथेच थांबा. दुखणं आणि थकवा यांतला फरकही शिकून घ्या. दोन्ही पाय सारखे जड वाटतात तो थकवा. एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येतं आणि सकाळी उठल्यावरही राहतं, ते दुखणं.

आमच्या भागात पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या एक ताई आहेत. वय ५४. रक्तातली साखर काठावर आली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालता चालता त्या धावायला लागल्या. घड्याळ नाही, मोबाइल घरी. त्यांचं माप विजेच्या खांबांचं : दोन खांब धावायचं, एक खांब चालायचं. केंद्राला सोमवारी सुट्टी, म्हणून त्यांचा लांबचा दिवस सोमवार. गटातल्या मुली त्यांना म्हणायच्या, ‘ताई, तुम्ही सहज पंधरा कराल, चला ना.’ त्यांचं उत्तर मला फार आवडतं : ‘अगं, मला दिवसभर ओट्याशी उभं राहायचंय. पाय दुखावला तर पोळ्या कोण लाटणार?’ दोन वर्षं त्या अशाच खांब मोजत राहिल्या. तिसऱ्या वर्षी त्यांनी अर्धमॅरेथॉन पुरी केली आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे सोमवारी, सुट्टी असल्यामुळे झोप काढली. मंगळवारी सकाळी केंद्र नेहमीच्या वेळेला उघडं होतं.

ताईंनी ना डेन्मार्कचा अभ्यास वाचला, ना लिडियार्ड यांचं नाव ऐकलं. पण पाय ही आपली पुंजी आहे आणि ती एका रविवारच्या हौसेखातर उधळायची नसते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. धावणाऱ्या बहुतेक माणसांचं पोट त्याच पायांवर चालतं. घाटात एसटीच्या वाटेवर पाटी दिसते, ‘अति घाई संकटात नेई.’ ती पाटी पायी धावणाऱ्यांनाही लागू आहे.

तेव्हा श्रोतेहो, एक साधी वही करा. किती धावलात ते रोज लिहा. पुढच्या रविवारी बूट बांधण्याआधी गेल्या महिन्याभरातला सगळ्यात मोठा आकडा शोधा. मित्र किती धावतो ते बघू नका. त्या आकड्यात फार तर दहावा हिस्सा मिळवा आणि निघा. तेवढं अंतर झालं की दम शिल्लक असला तरी थांबा. उरलेला दम पुढच्या रविवारी कामाला येईल.