शनिवारी रात्री टीव्हीसमोर

(मंडळाच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मी काही वक्ता नाही. डिप्लोमा करून सरकारी खात्यात उपयंत्री झालो; माझ्या हातून उतरतात ती फक्त एस्टिमेटं. “शनिवारी तुमच्याकडे काय चालतं ते सांगा” असं सांगितलं, म्हणून उभा आहे.

लहानपणी दादरचा मामा ऐटीत सांगायचा, मुंबई दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट असतो. मुंबई केंद्र 1972 सालीच सुरू झालेलं, पण आमच्या गच्चीवरच्या अँटेनाला ते कधी सापडलं नाही. दिलीप प्रभावळकरांचे चिमणराव मी मामाच्या तोंडूनच पाहिले. 1999 साली अल्फा मराठी आलं, तेव्हा बाबांनी केबलवाल्याकडे चकरा मारून ते लावून घेतलं.

आता शनिवारी भुट्ट्याचा कीस, वर शेव, आणि आठवडाभराचे राहिलेले ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’चे भाग. सगळेच विनोद बरे असतात असं नाही. कुणाच्या जाडेपणावर हसवायला लागले की आई रिमोट मागते.

बाबांना ऐकू कमी येतं. कानाचं यंत्र डबीतच असतं. सानंदच्या नाटकाला जाणं त्यांनी सोडलं, कारण तिथं “काय म्हणाला रे?” असं विचारता येत नाही. घरी येतं. समीर चौघुले बोलतात, आम्ही हसतो, आणि बाबा नातवाकडे वळतात.

आमचा मुलगा नववीत. तो घरातही हिंदीत बोलतो. दोष त्याचा नाही, गॅस संपल्याचंसुद्धा आम्ही नवरा-बायको एकमेकांना हिंदीत सांगतो. आधी तो “आजोबा, वो बोल रहा है कि...” करून अर्थ सांगायचा. बाबांचा चेहरा कोराच. एकदा म्हणाले, “अर्थ नको. तो जे म्हणाला ते सांग.”

मग भाग मागे नेऊन, तेच शब्द, तोच हेल, मोठ्या आवाजात. एकदा ‘ळ’चा ‘ल’ झाला आणि बाबा मूळ विनोदापेक्षा त्यालाच जास्त हसले. पोरगा उठून गेला. पुढचे दोन शनिवार खोलीत मोबाईल घेऊन बसला. बाबा टीव्हीसमोर नुसते बसून राहिले, कुणालाच काही विचारलं नाही. आम्ही सांगायला गेलो तर म्हणाले, “राहू दे.”

तिसऱ्या शनिवारी तो आपणहून आला. हल्ली अडलं की आधी आजीला विचारतो. “आजी, इरसाल म्हणजे?” आई म्हणाली, “तुझे आजोबा.”

गेल्या शनिवारी ऐन रंगात लाईट गेली. अंधारात बाबांचा आवाज, “मग पुढे काय म्हणाला?” आणि पोरानं पुढचं सगळं स्वतः रचून सांगितलं, चक्क मराठीत. बाबांना हसून ठसका लागला. काय रचलं ते इथं सांगत नाही, त्यात माझ्या ऑफिसचा उल्लेख होता.