सहज भटकण्याविषयी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांच्या प्रवासाला नेहमी काही ना काही कारण असते. उन्हाळ्याच्या सुटीत गावी जायचे, लग्नामुंजीसाठी पुण्या-नागपूरकडे जायचे, कुलदैवताचे दर्शन घ्यायचे. निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ ठरलेली असते, डबा बांधलेला असतो आणि या दोन टोकांमधला मुलूख खिडकीतून मागे पळत असतो. माळव्यात ज्यांच्या तीन-तीन पिढ्या गेल्या, अशा आपल्यापैकी कित्येकांना सोनकच्छ, हाटपिपल्या, बागली ही नावे केवळ बसच्या पाटीवरून ठाऊक असतात.

आम्ही चार-पाच कुटुंबे महिन्यातून एखाद्या रविवारी मोटारी काढून शहराबाहेर पडतो. कोठे जायचे ते ठरलेले नसते. मोबाइलमधला नकाशा नेहमी जवळचा रस्ता दाखवितो आणि हल्लीचा जवळचा रस्ता गावांना वळसा घालून जातो. म्हणून तो नकाशा आम्ही मिटून ठेवतो आणि एखादा फाटा दिसला की आत वळतो. या छंदाचा आम्हांला जो लाभ झाला, तो आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

पहिला लाभ अगदी साध्या सुखाचा. कसब्याच्या चौकात सकाळी पोह्यांची कढई मांडलेली असते. पोहे आपल्या घरचेच, पण येथे ते वाफेवर ठेवलेले, वर शेव आणि जीरावन भुरभुरलेले आणि शेजारी गरम जिलबी. हिवाळ्यात तळलेला गराडू मिळतो. बाजाराचा दिवस असला तर लसणाचे ढीग, कुदळी-विळे, बांगड्या आणि बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा एकाच रांगेत मांडलेल्या दिसतात. शेतांत पावसाळ्यात सोयाबीन आणि थंडीत गहू-हरभरा. पन्नास वर्षांपूर्वी याच काळ्या मातीत पावसाळी पीक म्हणजे ज्वारी, मका आणि कपास असे, हे पारावर बसलेला एखादा म्हातारा शेतकरी न विचारता सांगतो. अशा गोष्टींसाठी तिकीट लागत नाही. थोडा वेळ हाताशी असला की पुरे.

दुसरा लाभ असा की, आपलाच इतिहास अनपेक्षित ठिकाणी भेटतो. महूहून घाटाकडे निघाले की अहिल्याबाईंच्या काळातला जाम दरवाजा लागतो. तेथे माळव्याचे पठार संपते आणि खाली निमाड पसरलेला दिसतो. महेश्वरला घाट पाहावयास सारेच जातात. पण मागच्या गल्ल्यांतून सहज हिंडले तर घराघरांतून हातमागाची खटखट ऐकू येते. नर्मदेच्या दक्षिण तीरावर रावेरखेडी आहे. थोरल्या बाजीरावांनी 28 एप्रिल 1740 रोजी येथेच देह ठेवला. क्षिप्राकाठच्या महिदपूरला 21 डिसेंबर 1817 रोजी होळकरांच्या फौजेचा पराभव झाला. दूर भानपुऱ्यात यशवंतराव होळकरांची छत्री आहे. शाळेच्या पुस्तकात ही नावे वाचणे निराळे आणि त्या गावातल्या टपरीवर चहा घेताना ती ऐकणे निराळे.

कोणी म्हणेल, हेतूवाचून प्रवास हा रिकामपणाचा उद्योग आहे. त्यांनी वरसईच्या विष्णुभट गोडशांचे उदाहरण पाहावे. 1857 साली ते घरून निघाले ते बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची दक्षिणा मिळावी म्हणून. महूच्या आसपास पोहोचतात तोच उठावाचा वणवा पेटला. पुढे धार, उज्जैन, ग्वाल्हेर असे फिरत ते झांशीस गेले आणि इंग्रजांच्या वेढ्यात सापडले. मिळविलेले द्रव्य वाटेत लुटले गेले, मूळ हेतू वाऱ्यावर गेला. पण वाटेत जे दिसले ते त्यांनी लिहून ठेवले. 1907 साली प्रसिद्ध झालेला 'माझा प्रवास' आज आपण वाचतो तो त्या दक्षिणेसाठी नव्हे.

दुसरे उदाहरण जवळचे, देवासचे. एकेकाळी एकाच गावात पवारांच्या दोन पात्या, दोन राजवाडे आणि दोन राज्यकारभार असलेले हे गाव. 1948 साली कुमार गंधर्व क्षयाच्या आजारामुळे हवापालटासाठी येथे आले. काही वर्षे गाणे बंद होते आणि अंथरुणावर पडून राहणे भाग होते. त्या सक्तीच्या विश्रांतीत रस्त्यावरून जाणाऱ्यांची, बायाबापड्यांची माळवी गाणी त्यांच्या कानी पडत राहिली. पुढे त्यांच्या गायनात ती लोकधून रुजली आणि तिच्यातून नवे राग उमलले. बेळगावकडचा हा मोठा गायक 1992 मध्ये निधन होईपर्यंत देवासचाच होऊन राहिला. परक्या मुलखाशी नाते कसे जुळते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. तो मुलूख निवांतपणे ऐकावा लागतो.

आता मुख्य मुद्दा. या गावांत शिरताच कोणी ना कोणी विचारतो, 'तुम्ही कुठले?' आपल्यातले वडीलधारे सवयीने साताऱ्याचे किंवा वर्ध्याचे नाव सांगतात. पण ज्या मुलांचा जन्मच येथला, त्यांनी काय सांगावे? साताऱ्याचे गाव त्यांनी चार सुट्यांत पाहिलेले असते आणि माळव्याचे एकही गाव पाहिलेले नसते. दोन्ही घरांचा उंबरठा ठाऊक, अंगण कोणतेच ठाऊक नाही, अशी त्यांची स्थिती होते. मंडळाच्या या सभागृहात आपण गणेशोत्सव, नाटके आणि ग्रंथालय पन्नास वर्षे निष्ठेने सांभाळले. त्यामुळे त्यांची भाषा टिकली. परंतु भूमी आपलीशी होण्यासाठी त्यांना सभागृहाबाहेर नेले पाहिजे. ज्या मुलाने बागलीच्या बाजारात पेरू घेताना मोडक्यातोडक्या माळवीत भाव केला, तो आपण कुठले हे सांगताना अडखळत नाही. तो दोन्ही नावे सांगतो आणि दोन्ही खरी असतात.

एक पथ्य मात्र पाळावे. ही गावे म्हणजे आपल्या करमणुकीचे प्रदर्शन नव्हे. कोणाचे छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे, दुकानातून काही विकत घ्यावे, कोणी बसा म्हटले तर बसावे आणि केर मागे ठेवू नये.

मंडळाच्या सहल समितीस आमची एक विनंती आहे. वर्षातून एखादी सहल अशी काढावी की जिची कार्यक्रमपत्रिका छापलेली नसेल. पाण्याची सुरई, एक सतरंजी आणि मुलांना सोबत घ्यावे. कोणत्या फाट्याला वळायचे ते मुलांनीच ठरवावे आणि वडीलधाऱ्यांनी निमूट मागे बसावे.