दुसरी ध्वनिफीत

पहिल्या पुस्तकापेक्षां दुसरें पुस्तक लिहिणें कठीण, असें म्हणतात. गायकाच्या बाबतींतहि तें खरें आहे. पहिल्या ध्वनिफितींत तो वर्षानुवर्षें मनांत सांचलेलें सारें ओतून मोकळा होतो. दुसरीच्या वेळीं झोळी रिकामी असते, आणि लोक तर पहिल्यासारखेंच आणखी मागत असतात. त्यांतून तो एकटा असेल, पाठीशीं कंपनी नसेल, तर कसोटी अधिकच. गोव्याचे गायक रेमो फर्नांडिस यांनीं ही कसोटी कशी दिली, तें ऐकण्यासारखें आहे.

रेमो यांचा जन्म १९५३ सालीं पणजीस झाला. मुंबईस त्यांनीं वास्तुकलेचें शिक्षण घेतलें. परंतु जीव रमला तो गिटारींत. युरोप व उत्तर आफ्रिका हिंडून ते शिवोली या आपल्या गांवीं परतले आणि तेथें घरींच त्यांनीं चार पट्ट्यांचें ध्वनिमुद्रणयंत्र मांडलें. या यंत्राची युक्ति मोठी सोपी असते. फितीच्या रुंदींत चार समांतर पट्ट्या असतात. एकीवर ताल भरावा, तो ऐकत दुसरीवर गिटार, मग तिसरीवर बासरी, आणि शेवटीं चौथीवर गळा. अशा रीतीनें एकच मनुष्य अख्खा वाद्यवृंद होऊं शकतो. १९८४ सालीं ‘गोअन क्रेझी’ ही त्यांची पहिली ध्वनिफीत अशी घरांतच तयार झाली, आणि तिच्या प्रती स्कूटरवरून दुकानोदुकानीं पोंचविण्याचें कामहि त्यांनींच केलें.

ही फीत स्वतः रचलेल्या इंग्रजी गाण्यांची. तिच्या पाठोपाठ तशीच दुसरी काढणें सोयीचें झालें असतें. पण १९८५ सालीं रेमो यांनीं काढली ती ‘ओल्ड गोअन गोल्ड’, म्हणजे गोव्याच्या जुन्या गाण्यांची. मांडो, दुलपद, देखणी हे प्रकार गोमंतकीय घरांतून लग्नकार्यांत म्हटले जात. साथीला व्हायोलिन आणि मातीच्या भांड्यावर चामडें ताणून केलेला घुमट असे. अशा परंपरेंत वाढलेल्या नव्या दमाच्या गायकानें आपली दुसरी संधि आजोबा-आजींच्या गाण्यांस द्यावी, यांत त्याच्या कीर्तीचा तोटा झाला नाहीं. त्याच वर्षीं ‘त्रिकाल’ या चित्रपटांतून त्यांचा आवाज गोव्याबाहेर गेला. १९८६ सालीं मादक द्रव्यांच्या व्यसनाविरुद्धची ‘पॅक दॅट स्मॅक’ आली. २००७ सालीं ते पद्मश्री झाले.

हा प्रश्न गोव्यापुरता नाहीं. अहिल्यानगर जिल्ह्यांतील जामखेड हें कलाकेंद्रांचें गांव म्हणून प्रसिद्ध आहे. तेथें संगीत बारींत गाणाऱ्या स्त्रियांच्या परंपरेंत बैठकीच्या लावणीचा मोठा ठेवा आहे. परंतु पैसे मोजणारा रसिक बहुधा चित्रपटांतल्या नव्या गाण्याची फर्माईश करतो. ती पुरविली नाहीं तर चूल पेटत नाहीं. आणि तीच सदोदित पुरविली तर जुनी लावणी ओठांवरून उतरते. याचा दोष गाणारणीस देणें सोपें, पण अन्यायाचें आहे. मागणी ऐकणाराच ठरवितो. एखाद्या बैठकींत त्यानें जुन्या लावणीची फर्माईश करावी आणि तिला बिदागीहि नव्या गाण्याइतकीच द्यावी. मग ती लावणी पुढच्या मुलीस शिकविणें परवडेल.

ज्यांना बैठकीस जाणें घडत नाहीं, त्यांच्या घरींहि काम आहेच. चार पट्ट्यांच्या त्या यंत्रानें जें साधलें, त्याहून अधिक आज खिशांतल्या फोनवर साधतें. घरांतील वृद्ध स्त्रीला जात्यावरच्या ओव्या, निदान पांच-दहा, अजून आठवत असतील. त्या तिच्याच आवाजांत या आठवड्यांत उतरून घ्याव्यात, आणि ओवी कोणाकडून शिकली, कोणत्या गांवीं, हेंहि तिला विचारून ठेवावें.