कानावर पडलेले शब्द

(सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळात दिलेले व्याख्यान)



आम्ही मानसशास्त्राचे पंडित नव्हे, साधे बी. ए. आहोत आणि हयात सरकारी फायलींत गेली. तरीही घरात घडलेल्या एका प्रसंगामुळे ज्या विषयाचे वाचन करणे भाग पडले, तोच आज आपणांपुढे मांडतो. ध्वनीच्या द्वारे माणसाच्या मनावर त्याच्या नकळत परिणाम घडविता येतो काय?

आमचे चिरंजीव बारावीत असताना रात्री कानांत यंत्र खोचून निजू लागले. चौकशीअंती कळले, की पावसाच्या आवाजाखाली ‘माझे चित्त एकाग्र आहे’, ‘मला सर्व आठवते’ अशी वाक्ये अत्यंत हळू भरलेली असतात. कानाला ती उमगत नाहीत, मनाला मात्र म्हणे उमगतात! पैसे आम्हीच दिले होते. महिन्याभरात एकाग्रता वाढली नाही. झोप तेवढी गेली आणि पूर्वपरीक्षेचे गुण उतरले. आम्ही मुलावर रागावलो. खरे पाहता रागवायचे होते ते स्वतःवर.

या कल्पनेचा गाजावाजा झाला तो अमेरिकेत, १९५७ साली. जेम्स व्हिकरी नावाच्या जाहिरात-व्यावसायिकाने असे जाहीर केले, की चित्रपट चालू असता डोळ्यांना कळणार नाहीत अशा वेगाने पडद्यावर आज्ञा झळकावल्या आणि त्यामुळे लाह्यांचा व शीतपेयाचा खप वाढला. एकच खळबळ उडाली. १९६२ मध्ये त्याच गृहस्थांनी आपल्या दाव्यामागे पुरेशी माहिती नव्हती, अशी कबुली दिली. पण तोवर कल्पनेला पाय फुटले होते, आणि पुढे तीच ध्वनिफितींच्या रूपाने बाजारात आली. १९९१ साली अँथनी ग्रीनवाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी या फितींची परीक्षा घेतली. काही फितींवरील चिठ्ठ्या त्यांनी मुद्दाम बदलल्या : स्मरणशक्तीच्या फितीवर आत्मविश्वासाची आणि आत्मविश्वासाच्या फितीवर स्मरणशक्तीची. आत भरलेल्या वाक्यांचा काही गुण आला नाही. मात्र चिठ्ठीवर जे लिहिले होते तेच आपल्यात सुधारले, असे बऱ्याच जणांस मनापासून वाटत होते. गंडा बांधणाऱ्याकडे आमचे वाडवडील जात, त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला उरला आहे काय?

मग ध्वनीचे सामर्थ्य खोटेच म्हणावे? तसे मुळीच नाही. जे ऐकूच येत नाही त्याची गोष्ट निराळी; जे ऐकू येते, पण ज्याकडे आपले लक्ष नसते, त्याची निराळी. इंग्लंडमधील एका दुकानात एक दिवस फ्रेंच व एक दिवस जर्मन संगीत लावून पाहण्यात आले. ज्या देशाचे सूर, त्या देशाची वारुणी अधिक खपली. ग्राहकांना विचारावे, तर संगीताचा आपल्यावर परिणाम झाला असे म्हणणारे फारच थोडे! (उदाहरण मद्याचे आहे, याबद्दल ज्येष्ठांची क्षमा मागतो.)

आपल्या घरांतून हे पूर्वापार घडतच आले आहे. तिन्हीसांजेला आजी रामरक्षा म्हणे. आम्हांस ती कोणी शिकविली नाही. आम्ही गोट्या मोजत असू आणि ती कानावर पडे. आजही अर्ध्या झोपेत म्हणता येते. आकाशवाणीचे रायपूर केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले. त्यावरील बरसातीभैयांचा आवाज संध्याकाळी गल्लीतल्या घराघरांतून ऐकू येई. छत्तीसगढी आमच्या जिभेवर बसली ती अशीच. अर्थात त्या आवाजाइतकेच श्रेय शेजारच्या मुलांशी झालेल्या भांडणांना आहे. हा दुसरा भाग आम्ही विसरलो होतो.

अभिमन्यूची कथा आपण जाणताच. चक्रव्यूहाचे राहू द्या, पण १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गर्भवती स्त्रियांनी शेवटचे दीड महिने एकच गोष्ट रोज मोठ्याने वाचली, आणि जन्मल्यावर त्यांच्या बाळांनी नव्या गोष्टीपेक्षा तीच अधिक पसंत केली. याहून आम्हांस चटका लावून गेला तो २००३ चा प्रयोग. पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा बैठकींत चिनी भाषा ऐकविली. ज्यांच्याशी माणसे समोर बसून खेळली-बोलली, त्यांना त्या भाषेतील ध्वनींचे भेद कळू लागले. ज्यांना तीच माणसे पडद्यावर दाखविली किंवा नुसता आवाज ऐकविला, त्यांना काहीच आले नाही.

हे वाचले आणि आम्ही आपल्या घराकडे पाहिले. मोटारीत ‘गीतरामायण’ लागते, गणपतीत आरत्या ध्वनिवर्धकावर होतात, आणि मुलांना मराठीचे वातावरण दिले, असे समाधान आम्ही मानीत होतो. प्रत्यक्षात मुलाला हाक मारायची तर ‘इधर आओ’! शाळेत त्याला अडचण नको, म्हणून आम्हीच ते ठरविले होते. परिणाम असा, की चिरंजीवांना मराठी समजते, पण ‘ळ’ उच्चारता येत नाही. ते टिळकांना ‘तिलक’ म्हणतात आणि बाळाला ‘बाल’. पुण्याच्या आत्येबहिणी हसल्या, तेव्हापासून ते त्यांच्यापुढे मराठी बोलतच नाहीत. हिंदीशी आमचे वैर नाही. तिने आम्हांस अन्न दिले. पण ती मुलाला गल्लीत मिळणारच होती. मराठी मिळण्याचे ठिकाण एकच होते, आणि तेथे आम्ही गप्प बसलो.

सध्या दोन वर्षांची नात आमच्याकडे आहे. जेवताना यंत्र बंद ठेवायचे आणि तिच्याशी मराठीतच बोलायचे, असा नियम केला आहे. चिरंजीवही सुटीत आले की तिच्यापुढे मराठी बोलतात. ती हसत नाही ना! परवा आमचे काहीतरी लांबत चालले होते, तेव्हा तिने आमच्या सौभाग्यवतींच्याच सुरात, हात हलवून म्हटले, ‘‘पुरे आता, आजोबा.’’ तिची आज्ञा मानून आम्हीही येथेच थांबतो.