अटॅक कितव्या वर्षी आला?



मुळशी तालुक्यात आशाताई घरी येतात, तेव्हा तिशी ओलांडलेल्यांचा एक फॉर्म भरून घेतात. तंबाखू खाता का, कमरेचा घेर किती, आईवडील किंवा भावंडांत कुणाला रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आहे का. ‘हो’ म्हटलं की खूण होते आणि फॉर्म पुढे सरकतो. माझं म्हणणं एवढंच, की तिथं जरा थांबून विचारावं: कितव्या वर्षी?

सत्तराव्या वर्षी आलेला अटॅक आणि अडतिसाव्या वर्षी आलेला अटॅक एका खुणेत मावत नाहीत. घरातल्या पुरुषाला पंचावन्नच्या आत किंवा बाईला साठच्या आत हृदयविकार झाला असेल, तर त्या घरात आनुवंशिक कोलेस्टेरॉल शोधायलाच हवं. जगभरचा अंदाज अडीचशे माणसांत एकाचा आहे. 2011च्या जनगणनेत मुळशीची लोकसंख्या एक लाख सत्तर हजारांच्या आसपास होती. म्हणजे याच तालुक्यात सातशेच्या घरात माणसं निघावीत. त्यातल्या बहुतेकांना याचा पत्ताही नसणार.

रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, पकडून आत घेणारे रिसेप्टर यकृताच्या पेशींवर असतात. ब्राउन आणि गोल्डस्टीन या अमेरिकन डॉक्टरांनी हे उलगडलं आणि 1985चं नोबेल मिळवलं. आनुवंशिक कोलेस्टेरॉलमध्ये हे रिसेप्टर जन्मतःच निम्मे निकामी असतात आणि एलडीएल पाळण्यापासून वाढलेलं राहतं. म्हणून दिवसभर भातखाचरात राबणारा, तेलकटाला न शिवणारा शिडशिडीत माणूसही चाळिशीत छाती धरून बसतो. त्यावर गावात लोक म्हणतात, टेन्शन घेतलं असेल. टेन्शनच्या माथी आपण फार काही मारतो!

आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर आवर्जून पाहतात, कोलेस्टेरॉल मात्र मागे राहतं. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने 2024मध्ये सांगितलं, की पहिली तपासणी अठराव्या वर्षी करा, घरात आजार असेल तर त्याआधीही. तिला उपाशीपोटी यावं लागतंच असं नाही. पौडच्या बाजाराला आलेल्या माणसाला ‘उद्या सकाळी काही न खाता या’ म्हटलं की तो पुन्हा येत नाही, तेव्हा ही सूट फार मोलाची.

मोठ्या माणसाचं एलडीएल 190च्या वर गेलं, की डॉक्टरांनी आधी थायरॉइड तपासावा, मग टाचेमागची शीर चाचपावी. ती जाड लागली, बोटांच्या सांध्यांवर गाठी दिसल्या किंवा पंचेचाळिशीच्या आतच बुबुळाभोवती पांढरं कडं दिसलं, तर संशय बळावतो. काहीच दिसलं नाही म्हणून आजार नाही, असंही नव्हे.

एक रुग्ण सापडला की खरं काम सुरू होतं, आणि ते आशाताईंइतकं कुणाला जमणार नाही. प्रत्येक अपत्याला हा दोष मिळण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. आपण भावकी मोजतो तेव्हा लग्न होऊन मावळात किंवा वेल्ह्यात गेलेली बहीण यादीतून गळते. तिला आणि तिच्या मुलांनाही निरोप जायला हवा. मामाची मुलगी करण्याची रीत असलेल्या घरांत तर जास्तच लक्ष हवं. दोन्हीकडून दोष आला तर मुलाचं एलडीएल 500च्याही वर जाऊ शकतं आणि अटॅक शाळेच्या वयात येऊ शकतो. अशा मुलाला थेट मोठ्या रुग्णालयात पाठवावं.

बाकीच्यांना स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी, रोजची गोळी बहुधा पुरते, काहींना जोडीला दुसरी लागते. अॅटोरव्हास्टॅटिन जेनेरिकमध्ये स्वस्त आहे. अडचण येते ती तीन महिन्यांनी. रिपोर्ट नॉर्मल आला, गोळी बंद! रिपोर्ट गोळीमुळे नॉर्मल आहे, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगावं. आणि सुनेला दिवस राहायचे असतील, तर गोळीबद्दल तिनं आधीच विचारावं, कारण गरोदरपणात स्टॅटिन सहसा थांबवतात आणि बाळंतपणानंतर ती पुन्हा कधी सुरू करायची, हे डॉक्टर ठरवतात.